नसरीन मॅडम आणि खोडलेला आकडा

मॅडमची आणि माझी ओळख झाली ती माझ्या घाबरटपणामुळे. परतवाड्याहून अमरावतीच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला येऊन मला पंधराच दिवस झाले होते. ग्रंथालयातल्या एकुलत्या इंटरनेटवाल्या संगणकावर सरकारी संकेतस्थळावरची फाइल तिसऱ्यांदा अर्ध्यावर थांबली आणि मी टेबलावर हात आपटला. ग्रंथपाल नसरीन मॅडम शेजारी येऊन बसल्या. "काहून घाबरून राहिले, सर?" हा त्यांचा मला पहिला प्रश्न.

कारण तसंच होतं. त्या वर्षांत कापूस सलग बुडत होता. लग्नं थोडक्यात उरकू लागली, जत्रा आटल्या आणि अकोल्या-अमरावतीचे बँडवाले, बोर्ड रंगवणारे, मूर्तिकार रिकामे बसले. अकोल्यातल्या अशा कारागिरांनी एक सामाईक कार्यशाळा मिळावी म्हणून एका समितीकडे अर्ज केला होता. समितीने शहरातल्या कलाव्यवसायांचे सरकारी आकडे मागितले. अर्थशास्त्राचा मास्तर म्हणून अकोल्याचे बोर्ड रंगवणारे पेंटर रामदासभाऊ ते काम माझ्याकडे घेऊन आले होते आणि बैठक चार दिवसांवर होती.

संकेतस्थळावर 'कला' असा रकानाच नव्हता. मॅडमनी सरकारी गणनेच्या वर्गवारीची पुस्तिका शोधून काढली. वाजंत्री करमणुकीत, मूर्ती मातीच्या वस्तूंत, बोर्ड जाहिरातीत, असे एकेक क्रमांक त्यांनी लिहून दिले. भारनियमन चुकवण्यासाठी त्या सकाळी सातलाच ग्रंथालय उघडत आणि आम्ही फाइल तुकड्यातुकड्याने उतरवून घेत असू. त्यांचे रोजे चालू होते. माझ्यासाठी मात्र त्या न विसरता डबा आणत.

बैठकीच्या दिवशी अकोल्याच्या एसटीत त्या कागद पुन्हा वाचत होत्या. मूर्तिजापूर यायच्या आत त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. मी शहराऐवजी अख्ख्या जिल्ह्याचा रकाना घेतला होता. शहराचा आकडा कितीतरी लहान होता. राहू द्या, कोण तपासणार आहे, असं मी म्हणालो. मॅडमचा आवाज चढला नाही.

"उद्या कोनी तपासलं, त या लोकाइले पुन्हा कोन खरं मानन? दुरुस्त करा."

मांडीवर कागद ठेवून मी आकडा खोडला. बैठकीत अध्यक्षांनी त्या खाडाखोडीबद्दल विचारलं. मॅडम उठल्या. "तपासायचं काम माझं होतं, चूकही माझीच," असं त्यांनी सांगितलं. मग, घरातून आणि हंगामापुरतं काम करणारे या गणनेत सुटले असतील, त्यांच्या दारी जाऊन पाहा, अशी विनंती केली. मागे रामदासभाऊ टोपी चुरगाळत बसले होते.

निर्णय लांबला. दोन महिने फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावे. अखेर पाहणी झाली आणि कार्यशाळा मिळाली, मागितली होती त्याच्या निम्मी. तोवर छापील फ्लेक्सच्या फलकांनी रामदासभाऊंचं काम संपवलं होतं. ते मुलीकडे अमरावतीजवळच्या वलगावला राहायला निघाले, तेव्हा वाटेत ग्रंथालयात आले.

"सरकारच्या कागदात आमी बी आहो, हे तुमच्यानं समजलं, बाई," एवढंच ते बोलले. मॅडमनी त्यांना चहा दिला.

आज मॅडम पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. गेल्या वर्षीच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेपासून महाविद्यालयातल्या आम्हा सगळ्यांनाच धास्ती वाटते. त्या मात्र आमच्याच तब्येतीची चौकशी करतात. त्यांची नजर निवळो, त्यांना शांत झोप आणि भरपूर वर्षं लाभोत. आमची काळजी त्यांनी पुष्कळ वाहिली. आता थोडी त्यांची आम्हाला वाहू द्यावी, इतकंच मागणं आहे.