बाबांची सही

आमच्या घरात सही करणारे पहिले माझे बाबा. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या मुलाचा अंगठा कुठल्याही कागदावर लागू द्यायचा नाही. बाबा सहीच्या खाली एक ठसठशीत रेघ ओढायचे. त्या रेघेवर आमचं सगळं घर उभं आहे, असं मला लहानपणी खरंच वाटायचं.

ते पर्वतीजवळच्या एका सहकारी बँकेत होते. चेकवरच्या सह्या पडताळायचं काम. तिथे एक रीत होती. म्हाताऱ्या खातेदाराची सही जुळली नाही तर चेक लगेच परत करायचा नाही. निरोप धाडायचा, माणूस आला की बाकावर बसवायचं, पाणी द्यायचं आणि नवी सही घेऊन खात्याच्या नमुना सहीच्या कार्डाला जोडायची. "सही बदलते, माणूस तोच असतो," बाबा म्हणायचे.

मग शहरात आयटी आलं आणि मागोमाग परदेशी बँका. तरुणांचे पगार तिकडे जमा होऊ लागले. बाबांच्या बाकावर फक्त म्हातारे उरले. मला बंडगार्डन रोडवर अशाच एका परदेशी बँकेत नोकरी लागली. काचेचं दार, गार हवा, साहेबालाही पहिल्या नावाने हाक मारायची. मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू? मार्चअखेर प्रत्येकाने नवी खाती आणायची होती. मी पहिलं आणलं ते बाबांचं. ते नुकतेच निवृत्त झाले होते. जन्मभराच्या बँकेतलं खातं त्यांनी माझ्यासाठी बंद केलं. जुन्या सहकाऱ्यांनी विचारलं, काय, आता आमचं पाणी गोड लागत नाही वाटतं?

काही वर्षांनी त्यांच्या हाताला कंप सुटला. वारज्यात आमच्या विहारात मुलांसाठी अभ्यासिका बांधायची होती. बाबांनी भर सभेत त्यासाठी चेक दिला. मीही आता चेकवरच्या सह्याच पडताळायचे; दोन दिवसांनी तो माझ्या स्क्रीनवर आला. अक्षरं वाकडी, खालची रेघ मधेच तुटलेली. नातेवाइकाच्या खात्याला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम. मी चेक शेजारच्या सहकाऱ्याकडे दिला. तो भला माणूस. म्हणाला, तुझे वडील ना, त्यांना बोलावून घेतेस का?

बढतीची यादी त्याच आठवड्यात लागणार होती.

"नियमाप्रमाणे कर," मी म्हणाले.

चेक परत गेला. सही जुळत नाही. विहारातली दोन माणसं तो घरी घेऊन आली, वेडंवाकडं काही बोलली नाहीत, फक्त चहाला थांबली नाहीत. चेक कोणाच्या हातून परत गेला, ते मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, नियम बरोबर आहे तुमचा. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी आज सुखाने झोपले असते.

पुढचे आठ दिवस ते वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर सही गिरवत होते. मला ते रद्दी बांधताना कळलं.

मग इस्त्रीचा शर्ट घालून ते नवी सही द्यायला शाखेत आले. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी आणलं. त्यांनी दोनदा सुरुवात केली. पेन अडखळलं. त्यांनी ते टोपण लावून खाली ठेवलं.

"अंगठा चालतो ना तुमच्याकडे?"

आमच्या चकचकीत शाखेत शाईचा पॅडसुद्धा नव्हता. रस्त्यापलीकडच्या स्टेशनरीच्या दुकानातून मीच आणला. बाबांनी अंगठा टेकवला आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. ठशाशेजारी साक्षीदाराची सही लागते, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

नातेवाइकाच्या कागदावर सही करायची नाही, हा नियम मी तेव्हा मोडला. मोडायचा होता तो दिवस निघून गेला होता. मी सही केली आणि तिच्याखाली बाबांनीच मला शिकवलेली रेघ ओढली.