चौकशीकाकांनी न उघडलेली पत्रं

कुणालाही भेटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत चौकशीकाका असा काही प्रश्न विचारायचे, की समोरच्याने रागवावं की हसावं तेच त्याला कळायचं नाही. माझ्या साखरपुड्यात मी जरीच्या साडीत अवघडून बसले होते. पन्नाशी कधीच ओलांडलेला, केसांना चापून तेल लावलेला एक माणूस खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "तुला झोपेत बोलायची सवय हाय का?" मी गोंधळून नाही म्हटलं. "आणि उशी एक लागती का दोन?" माझं शिक्षण, नोकरी, स्वयंपाक यांबद्दल एक अक्षर नाही. उशी एक लागते एवढं कळल्यावर समाधानाने उठून ते जेवायला गेले.

ते माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे, शिवानंदचे, सोलापुरातल्या भवानी पेठेतले शेजारी. मालगाडीवर गार्ड होते. आता त्या पदाचं नाव बदललं आहे, पण पेठेत ते गार्डच. चौकशीकाका हे नाव त्यांना स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीवरून पडलं होतं. फरक एवढाच, की त्या खिडकीत माणसं विचारतात; इथे खिडकीच माणसांना विचारायची. त्यांची बायको, गौरक्का, शेती आणि म्हाताऱ्या सासूपायी अक्कलकोटकडच्या गावी राहायची. काका सोलापुरात दोन खोल्यांत एकटे. त्यामुळे विचारायला सगळी पेठ मोकळी होती. चादरीच्या दुकानात गेले की किंमत राहायची बाजूला, आधी विणणाऱ्याच्या गुडघेदुखीची विचारपूस. आणि मिळालेली उत्तरं ते विसरत नसत. सहा महिन्यांनी त्याच गुडघ्याचं पुढे काय झालं, तेही विचारायचे.

माझं माहेर कुर्डुवाडीचं. बाबा तिथल्या स्टेशनवर पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. लग्न एप्रिलअखेरीस धरलं होतं, आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. सोलापूर आमच्यापासून गाडीने जेमतेम दीड-दोन तासांवर, पण त्या दिवसांत ते परदेशाइतकं लांब झालं. लग्न पुढे ढकललं. कधीपर्यंत, ते कुणालाच सांगता येईना.

खरी अडचण वेगळीच होती. शिवानंद फोनवर बोलत नसे. आमच्या घरात धड चालणारा फोन एकच, बाबांचा. दिवसभर त्यावर धाकट्या भावाची शाळा चालायची. संध्याकाळी तो माझ्या हातात आला की मी फोन लावायचे. पलीकडून श्वास ऐकू यायचा, एखादा हुंकार यायचा आणि फोन बंद व्हायचा. मेसेज यायचा, "जेवलीस का?" तो घरातले सगळे वाचायचे. पंधरा दिवसांत आई म्हणायला लागली, "पोरगं घमेंडी दिसतंय." मामांनी तर सरळ सांगितलं, की मुलाच्या मनात दुसरंच काही असणार, वेळेत मोकळे व्हा. मला काहीच कळत नव्हतं. साखरपुड्यात तो माझ्याकडे बघून हसला होता, आणि ते हसू खोटं वाटलं नव्हतं.

टाळेबंदीत प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. एका दुपारी चौकशीकाकांची गाडी आमच्या स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबली. बाबा ड्यूटीवर होते. शेवटच्या डब्याच्या पायरीवर उभं राहून काकांनी विचारलं, "काय पावणं, पोरगी खूश हाय न्हवं?" बाबा कधी नव्हे ते बोलून गेले. म्हणाले, तुमच्या शेजारचा मुलगा आमच्या मुलीशी बोलतच नाही, हे लग्न राहतंय की मोडतंय ते समजत नाही. बाबांनी घरी येऊन सांगितलं, की त्यावर काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. गाडी हलेपर्यंत ते हिरव्या झेंड्याची काठी हातात फिरवत उभे होते.

चार दिवसांनी बाबा ड्यूटीवरून आले. माझ्याकडे न बघता त्यांनी डब्याच्या पिशवीतून एक पाकीट काढलं, चहाच्या डब्याखाली ठेवलं आणि हातपाय धुवायला गेले. पाकीट कडक झालं होतं, जरासं पिवळं पडलं होतं. रोगाच्या भीतीने काका पाकिटावर गरम इस्त्री फिरवायचे, हे मला नंतर समजलं. ते शिवानंदचं पहिलं पत्र, काकांच्या गाडीतून आलेलं. त्यात लिहिलं होतं:

"मी बोलताना अडखळतो. समोर माणूस असला तर कसंबसं निभावतं, फोनवर अजिबात जमत नाही. घरच्यांनी हे तुम्हाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, ती चूक माझी. सगळ्यात जास्त मी 'म' वर अडतो. तुझं नाव मीनाक्षी आहे हे कळलं तेव्हाच मला घाम फुटला होता. रोज सकाळी गच्चीवर जाऊन सराव करतो. अजून जमलेलं नाही."

मी ते तीनदा वाचलं. कीव आली नाही. राग आला. एवढी मोठी गोष्ट लपवून साखरपुडा करतात, म्हणजे आम्हाला काय समजतात? आठ-दहा दिवस मी उत्तर दिलं नाही. काकांची गाडी यायची, ते बाबांना विचारायचे, "काही हाय का माझ्याकडं द्यायला?" बाबा मानेनेच नाही म्हणायचे. काका म्हणायचे, "राहू दे. मी परवा परत हायच की." मी काय लिहावं, हे त्यांनी कधी सुचवलं नाही. मुलगा चांगला आहे, असा निरोपही पाठवला नाही.

शेवटी मी लिहिलं. नुसते प्रश्न लिहिले. शाळेत तुला कोण चिडवायचं? तेव्हा तू काय करायचास? तुमच्या दुकानात गिऱ्हाइकाशी कसा बोलतोस? कानडीत कमी अडखळतोस का? लपवायचं कुणी ठरवलं, आईने की वडिलांनी? मी नाही म्हटलं तर तुला काय वाटेल? पाच पानी उत्तर आलं. फोनवर एक शब्द न बोलणारा हा माणूस कागदावर इतका मोकळा होता, की मी हरखून गेले. तो गिऱ्हाइकांच्या नकला लिहायचा. शाळेत हजेरी घेताना 'हजर' म्हणता यायचं नाही म्हणून तो उठून उभा राहायचा, आणि गुरुजींनी ते शेवटपर्यंत चालवून घेतलं, हेही त्याने लिहिलं. मी त्याला आमच्या घरातल्या भांडणांबद्दल लिहायला लागले.

काकांची उत्सुकता या काळात अगदी टोकाला गेली असणार. बाबा सांगायचे, की पाकीट हातात घेतलं की काका ते तळव्यावर तोलून बघायचे. "आज लई जड हाय. भांडण हाय का काय?" नाहीतर, "आज हलकं लागतंय. पोरीला बरं हाय न्हवं?" एकदा शिवानंदने त्यांना स्वतःहून म्हटलं, काका, वाचून दाखवू का थोडं? काकांनी हात वर केला. "विचारणं माझं काम. उघडणं न्हाय."

मे संपत आला आणि मामांनी पुन्हा उचल खाल्ली. मुलगा अडखळतो हे एव्हाना घरात कळलं होतं. त्यांच्या ओळखीचं पुण्याचं एक स्थळ होतं. रविवारी येऊन फोनवर बोलणं करून टाकतो, म्हणाले. मी ते सगळं शिवानंदला लिहिलं. शेवटी विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे ते स्पष्ट लिही." त्याने लगेच उत्तर दिलं आणि काकांच्या हाती सोपवलं. दुसऱ्या दिवशी काकांना ताप भरला, त्यांना दवाखान्यात हलवलं. पाकीट ड्यूटीच्या बॅगेत, बॅग कुलूपबंद खोलीत, किल्ली काकांजवळ. शिवानंदला वाटत होतं, पत्र केव्हाच पोचलं असेल. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. गाड्या येत होत्या, शेवटच्या डब्यात दुसराच गार्ड दिसत होता. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मला वाटलं, यानेच माघार घेतली.

रविवारी दुपारी बाबांचा फोन वाजला. काकांचा आवाज ओळखू येत नव्हता, धाप लागलेली. बाबांनी फोन माझ्याकडे दिला.

"रागावलीस का?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, "काका, तुम्ही कसे आहात?"

"ते मागनं. तुझं पत्र माझ्या बॅगेत अडकलंय. आत काय हाय मला ठावं न्हाय. पण पत्र थांबलंय, पोरगं थांबलेलं न्हाय, एवढं सांगाय फोन केला."

आणि फोन बंद झाला.

मामा पलंगावर बसले होते. ते म्हणाले, "त्याला स्वतःला बोलायला काय झालं?" मी काही बोलणार तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. शिवानंद होता. काकांनी त्यालाही फोन केला होता. दवाखान्यातून त्याला एवढंच म्हणाले होते, "आता न्यायला मी न्हाय. तूच बोल."

घर लहान, आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. त्याने माझं नाव घ्यायला सुरुवात केली. ओठ मिटल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. पुन्हा तेच. भाऊ काहीतरी बोलायला लागला, तशी बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आई पोळपाटावर लाटणं तसंच धरून थांबली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी "हो, ऐकतेय" म्हणाले नाही, त्याला घाई वाटली असती. मग एकदम, जोर लावून उघडलेल्या दारासारखं, "मीनाक्षी" आलं. त्यानंतरची वाक्यंही सरळ नव्हती, पण पूर्ण होती. "मला तुझ्याशीच लग्न करायचं आहे. तुला थांबावं लागेल. बोलताना नेहमीच थांबावं लागेल."

मी म्हटलं, "थांबेन."

मामांनी चहा घेतला आणि पुण्याचा विषय काढला नाही.

काका बरे होऊन घरी यायला तीन आठवडे गेले. आल्यावर पहिल्यांदा त्यांनी ते पत्र पाठवून दिलं, अर्थातच इस्त्री करून. पावसाळ्यात आमचं लग्न मोजक्या माणसांत उरकलं, आणि मी भवानी पेठेत त्यांची शेजारीण झाले.

एका संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर शेंगाचटणी-भाकरी खात बसले होते, तेव्हा मीच त्यांना विचारलं, "काका, एवढी पत्रं नेलीत, एकदाही उघडावंसं वाटलं नाही?"

त्यांनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाले, "वाटलं की. हात लई शिवशिवायचा." आणि त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. लग्न ठरल्यावर गौरक्का त्यांना कानडीत पत्रं लिहायची. काका घरी कानडी बोलायचे, पण शाळा मराठीतली, कानडी अक्षर वाचता येत नव्हतं. होटगी स्टेशनवर एका सोबत्याला त्यांनी पहिलं पत्र वाचायला दिलं. त्याने ते दहा जणांसमोर नाटकी आवाजात वाचलं. सगळे हसले. "तिनं लिवलं हुतं, तुम्ही गाडीत एकटं असता तवा भ्या वाटतं का? त्यावर हसले." पुढची पत्रं त्यांनी कुणालाच दाखवली नाहीत, आणि काय लिहिलंय ते माहीत नसल्यामुळे उत्तरही दिलं नाही. लग्नानंतर ते पाटी आणून कानडी शिकले, सगळी पत्रं वाचली. पण तोवर उत्तर द्यायची वेळ निघून गेली होती, असं त्यांना वाटलं.

निवृत्त होऊन ते गावी गेले. दर रविवारी फोन यायचा. आमच्या मुलीला विचारायचे, की आज तुला कुठला रंग आवडतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या आजारात, ते गेले.

आम्ही भेटायला गेलो. गौरक्का सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. शिवानंदने त्यांना कानडीत, अडखळत, सावकाश सांगितलं, की काका नसते तर आमचं लग्न झालं नसतं. आमची पत्रं त्यांनीच पोचवली.

गौरक्का चकित झाल्या. "हे मला कधी बोलले न्हाईत," त्या मला मराठीत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्याची पत्रं पोचवली व्हय. मी लगनाआधी किती लिवली, एकाला उत्तर न्हाय दिलं. मला वाटलं, माणसाला आवड न्हाय."

मी शिवानंदकडे पाहिलं. त्याने होकारार्थी मान हलवली. मग मी त्यांना होटगीचं सगळं सांगितलं. ते हसू, ते लपवणं, ती पाटी, आणि लग्नानंतर एकट्याने वाचलेली पत्रं.

गौरक्का अंगणाकडे बघत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "साऱ्या दुनियेला इचारत फिरला माणूस. आणि मी त्याला एवढं एक कधी इचारलं न्हाय."