काचेतलं अर्धं पाणी

एका खंडेनवमीला मी पेटत्या इंजिनाच्या पाण्याच्या काचेला शेवंतीची माळ बांधली.

हसलात? हसा. मीही हे हसण्यावारी नेऊन सांगितलं असतं, पण सांगितलंच नाही कधी. माझ्या फजित्या मी खडेबाजारात पानाच्या ठेल्यावर उभा राहून दहा जणांना ऐकवलेल्या आहेत. स्वतःच्या साखरपुड्याला चुकीच्या बसमध्ये बसून संकेश्वरला उतरलो ते सांगितलं, शाळेच्या नाटकात पडद्याची दोरी समजून मुख्याध्यापकांच्या धोतराचा सोगा ओढला तेही सांगितलं. ही एकच गोष्ट — ही नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय तर हात सारखा चहाच्या कपाकडे जातोय, आणि कप केव्हाचा रिकामा झालाय.

मी बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. इंजिनाशी माझा काय संबंध? काही नाही. संबंध होता तो भूपालचा. भूपाल निपाणीचा, जैनांच्या घरातला, वडिलांची तंबाखूची वखार. माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला तंबाखूची धूळ सोसायची नाही. वखारीत पाय टाकला की सटासट शिंका, डोळ्यांतून पाणी. आणि यंत्र दिसलं की हाच माणूस असा शांत व्हायचा, की जणू देवळात आलाय. शिवणयंत्र असो, उसाचा चरक असो, याचं नाक तिथं कधी वाहिलं नाही.

चिकोडीच्या अंगाला एक साखर कारखाना होता. नाव सांगत नाही, त्यांचा काही दोष नाही. तिथं पूर्वी अडीच फुटी रुळांवरून ऊस ओढून आणायची छोटी वाफेची इंजिनं होती. पंचाहत्तरच्या आसपास ट्रॅक्टर आले आणि इंजिनं निघाली मोडीत. एक उरलं होतं, बाभळीच्या झुडपात, धुराड्यात साळुंक्यांनी घर केलेलं. शिट्टी किरटी म्हणून गावातले लोक त्याला टिटवी म्हणायचे. भूपालनं ती टिटवी पाहिली आणि चेअरमनच्या दारात जाऊन बसला. चेअरमन म्हणाले, खंडेनवमीला सगळ्यांसमोर चालवून दाखवा, मोडीत घालणार नाही.

मग सगळे रविवार तिथंच. पोटातलं काम भूपालचं. नळ्या बदलणं, सांधे बसवणं, गंज खरवडणं. मदतीला इराप्पा, कारखान्याचा निवृत्त ड्रायव्हर. अर्धं मराठी, अर्धं कन्नड आणि शिव्या दोन्हींतल्या. माझं काम रंगाचं. हिरवा रंग, लाल पट्टी, पितळेला चिंच लावून चकाकी. मी स्वतःला फार मोठा जीर्णोद्धारक समजत होतो. खरं सांगायचं तर लग्नातल्या घोड्याला सजवणाऱ्यापेक्षा माझी अक्कल फार जास्त नव्हती.

भूपालच्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पांनी पोराशी बोली केली होती. इंजिन चाललं तर बेळगावात वर्कशॉप घाल, जागेचं मी बघतो. नाही चाललं तर गुमान वखारीत बसायचं, परत यंत्राचं नाव काढायचं नाही. आप्पा शब्दाचे पक्के. दोन्ही बाजूंनी पक्के. म्हणजे त्या दिवशी रुळांवर काय उभं होतं, लक्षात येतंय ना? चेअरमनना वाटलं इंजिन. मला वाटलं माझा रंग. भूपालचं मात्र उभं आयुष्य होतं तिथं.

आता काचेबद्दल सांगायला पाहिजे. टाळून चालणार नाही.

बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून ड्रायव्हरच्या खोपीत एक उभी काचेची नळी असते. तिला वर एक चावी, खाली एक. दोन्ही उघड्या असल्या की आतलं पाणी जेवढं, तेवढंच काचेत दिसतं. दोन्ही बंद केल्या तर? तर बंद करताना जेवढं होतं तेवढंच दिसत राहतं, आत काहीही होवो. चाव्यांचे दांडे खाली म्हणजे उघड्या, आडवे म्हणजे बंद. इराप्पानं मला एकदा बजावलं होतं, गरम काचेला ओलं फडकं लावायचं न्हाय, फुटंल, आधी दोन्ही चाव्या बंद कर. पुढचं निम्मं — पुसून झालं की उघड — हेही तो म्हणाला असेलच. म्हणाला होता. उगाच त्याच्यावर कशाला ढकलू?

त्या सकाळी वाफ धरली होती. इराप्पा खाली कोहळा फोडायच्या तयारीत, भूपाल कोळशाच्या ढिगाशी. मी खोपीत चढलो, पूजेच्या आधीची शेवटची सजावट करायला. सगळ्या दांड्यांना हळदकुंकू लावलं. काचेवर काजळी दिसली. चाव्या बंद केल्या, काच पुसली, अशी लखलखीत केली की मलाच माझं कौतुक वाटलं. मग वाटलं, हिला पण एक माळ हवी. शेवंतीची माळ वरच्या चावीपासून खालच्या चावीपर्यंत अशी गुंडाळली की मधली काच तेवढी दिसावी. दांडे फुलांत बुडाले. तेवढ्यात चेअरमनची जीप आली, कुणीतरी "मास्तर, मास्तर" अशी हाक मारली, आणि मी खाली उडी मारली.

कोहळा फुटला. चाकाखाली लिंबं चिरडली. टिटवी किंचाळली आणि चालली! काय सांगू तुम्हाला? उसाच्या तीन वाघिणींत माणसं चढली, पोरं चढली, इराप्पाची बायको नऊवारी सावरत चढली. आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा मागं, पुन्हा पुढं. आप्पा कडुनिंबाखाली उभे होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांच्या मानानं हा नाच होता.

गाडी हाकता हाकता इराप्पा दर फेरीला ओरडून विचारायचा, "नीर?" म्हणजे पाणी. काच भूपालच्या बाजूला. भूपाल बघायचा आणि ओरडायचा, "अर्धं हाय!" अर्धं असताना पंप सोडून थंड पाणी आत घेतलं की वाफ पडते, गाडी मंदावते. माणसांनी भरलेली गाडी मंदावू कोण देईल? इराप्पानं पाणी घेतलं नाही. बॉयलर आतून आटत गेला.

भट्टीच्या छतात एक शिशाचं बूच असतं. छतावरचं पाणी गेलं की ते वितळतं आणि वरची वाफ विस्तवावर कोसळते. इंजिन फुटू नये म्हणून केलेली सोय. इंजिन वाचतं. भट्टीच्या दारासमोर जो उभा असेल त्याचं — त्याचं नशीब.

भूपालनं कोळसा टाकायला दार उघडलं आणि त्याच क्षणी बूच गेलं.

पांढरा लोट, राख, किंकाळ्या. इराप्पानं भूपालला ओढून खाली घेतलं. उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली होती. लोक लांब पळाले. आणि मी? मी वर चढलो. सगळ्यांनी पाहिलं, मास्तर जिवाची पर्वा न करता वाफेत घुसले. नंतर त्याबद्दल चेअरमननी माझ्या खांद्यावर शाल घातली. मी ती घेतली.

वर जाऊन मी काय केलं ते कुणी पाहिलं नाही. मी माळ तोडली आणि दोन्ही चाव्या उघडल्या. एवढंच. मनगटाची दोन वळणं. काचेतलं अर्धं पाणी सर्रकन खाली उतरलं आणि काच रिकामी झाली.

कळलं का काय केलं मी? काच तशीच राहिली असती तर इराप्पानं आडवे दांडे पाहून एका नजरेत ओळखलं असतं. आता इराप्पा वर आला तेव्हा त्याला दिसली ती उघड्या चाव्यांची, कोरडी, लखलखीत काच. त्यानं खाली वाकून भूपालला विचारलं, "डोळे कुठं होते रं तुझे? काच रिकामी, आनि अर्धं हाय, अर्धं हाय म्हनतोस?"

भूपाल म्हणाला, "अर्धंच होतं."

तो रडत नव्हता, भांडत नव्हता. हात तसाच पुढं धरून इराप्पाला पुन्हा म्हणाला, "अण्णा, अर्धंच होतं." कुणीतरी फिस्सकन हसलं. मी तिथंच उभा होतो, मुठीत तुटलेली शेवंती. आप्पा आले, पोराच्या भाजलेल्या हाताकडं बघितलं, म्हणाले, "चल घरला." बोली मोडली नव्हती त्यांनी. त्यांच्या लेखी इंजिन चाललं नव्हतं.

इथवर सांगून थांबलो असतो तरी चाललं असतं. भित्रा ठरलो असतो, विसराळू ठरलो असतो. तसल्या माणसाला तुम्ही जेवायला बोलावता. पण मघाशी मी एक वाक्य गाळलं. मुद्दाम गाळलं.

बूच गेलं त्याच फेरीला, जरा आधी, मी खोपीच्या पायरीवर लटकलो होतो, हवा खात, ओळखीच्यांना हात करत. भूपालचं तोंड काळं, दात पांढरे. तो काचेवर बोट वाजवून मला म्हणाला, "बघ की रं मास्तरा, टिटवी पानी पीतच न्हाय! मघाधरनं टिपूस कमी न्हाय!"

आणि मला आठवलं.

तेव्हाच आठवलं. नंतर नाही, लोटात नाही — तेव्हा. दांडे फुलांत आडवे आहेत हे मला लख्ख आठवलं. हात लांबवला असता तर पोचला असता. मग का नाही लांबवला? चेअरमन समोर पहिल्या वाघिणीत बसले होते म्हणून. इराप्पानं भरल्या गाडीत दोन भाषांत माझा उद्धार केला असता म्हणून. हा रंगारी खोपीत कशाला चढला, असं कुणीतरी म्हणालं असतं म्हणून. मला वाटलं, पुढच्या टोकाला गाडी थांबली की माळ नीट करायच्या निमित्तानं हळूच उघडू. आणि मी हसलो. भूपाल हसला म्हणून मीही हसलो. म्हणालो, "उपास असंल तिचा, नवरात्र हाय."

विनोद केला मी. तो विनोद चांगला जमला होता, हेही आठवतं. भूपाल हसत हसत वळला आणि त्यानं फावडं उचललं.

कारखान्यानं त्यानंतर टिटवीत कधी विस्तव घातला नाही. पण मोडीतही घातली नाही. फाटकाशी चौथऱ्यावर उभी केली, आणि तिला रंग द्यायला बोलावलं कुणाला? मला. दर दोन-तीन वर्षांनी मी जाऊन हिरवा रंग, लाल पट्टी करून येतो. पोरं मला इंजिनवाले मास्तर म्हणतात. जुनी इंजिनं कशी जपावीत यावर शाळाशाळांतून भाषणं दिली आहेत मी. भाषणात काचेचा भाग येतो. तेव्हा मला खोकला येतो.

भूपाल वखारीत बसला. अजून बसतो. शिंका कमी झाल्या म्हणतो, किंवा मोजायच्या सोडल्या असतील. मी निपाणीला जातो, दर वेळी सांगायचं ठरवून जातो. एस.टी.त वाक्यं जुळवतो. स्तवनिधीचा घाट येईपर्यंत ती पाठ झालेली असतात, आणि वखारीच्या दारात तंबाखूचा वास नाकात गेला की पुसली जातात.

एकदा गेलो तर त्याच्या नाकावर चष्मा. म्हणालो, हे कधी? तर सरळ सांगू लागला, जसं काही भाव सांगतोय. मिरजेला जाऊन डोळे तपासून आला होता. एकदा नाही, तीनदा. डॉक्टर म्हणाला, डोळ्यांत काही नाही. भूपाल म्हणाला, तरी पण द्या. डॉक्टरनं कंटाळून अगदी नाममात्र नंबर लिहून दिला.

"डोळं बरं हायत म्हनतोय," भूपाल मला म्हणाला. "मग रिकामी काच भरल्याली कशी दिसली रं मला? येडा तर न्हाय ना मी? त्यापेक्षा डोळंच वाईट म्हनावं. चष्मा लावला की लोकबी इच्चारत न्हाईत."

तो तंबाखूचं पान दाराच्या उजेडात धरून बघत होता. एकदा चष्म्यातून, एकदा चष्म्यावरून. मग खात्री करायला नोकराला दाखवत होता. स्वतःच्या नजरेवर तो पान विकत घेत नाही आता. ते मी केलंय. हात भाजला तो बुचानं. हे दुसरं मी केलं.

मी म्हणालो, "आता बरं दिसतं का?"

यानंतर कितीतरी वेळा गेलो, आणि दर वेळी हेच विचारलं. परवाही गेलो होतो. भूपाल माल बघायला मागं गेला होता, पद्माक्का — त्याची बायको — चहा घेऊन आली. मी बशीत चहा ओतला आणि विचारलं, कसे आहेत त्याचे डोळे?

तिनं ट्रे पोत्यावर ठेवला. पदर खोचला. माझ्याकडं नीट बघितलं.

"मास्तर, आलासा की त्येंच्या डोळ्याचंच इच्चारताय. पोरांचं न्हाय, धंद्याचं न्हाय. काय सांगायचं आसंल तर सांगून टाका एकदा, न्हायतर चा प्या आनि उठा. तुमी येऊन गेलासा की त्यो मानूस दोन दिवस चष्माच पुसत बसतोय."