बिनशेपटीचा हत्ती

फोटो काढण्याआधी काका पुतळ्याचं नाक पुसायचे. खिशातून चौकड्यांचा रुमाल काढायचे, कोपरा जिभेला लावायचे आणि शाळेच्या फोटोआधी आई पोराचं तोंड पुसते तसं पुसायचे. मग चारी बाजूंना बघून विचारायचे, "ह्याच्याकडं कुणी बघतंय का?" कुणीच बघत नसायचं. तेव्हा कुठं त्यांचा कॅमेरा बाहेर निघायचा.

आपल्या शहरात फिरताना तुम्हीही त्यांना पाहिलं असेल आणि वेडा समजून पुढं गेला असाल. मीही तेच समजलो होतो. मूळचे देवगाव रंगारीचे, जन्मभर घरोघरी विजेच्या मीटरचं रीडिंग घेऊन निवृत्त झालेले. पुंडलिकनगरात माझ्या दुकानामागच्या गल्लीत राहायचे. कुठल्या बोळात काय उभं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

थोरामोठ्यांच्या पुतळ्यांना ते लांबूनच हात जोडायचे. "त्यांना हार हायेत, जयंत्या हायेत. ह्यांना कोण हाय?" 'ह्यांना' म्हणजे मे महिन्याच्या उन्हात कचरा मागत तोंड वासून उभा असलेला पेंग्विन, बागेतलं एका कानाचं हरीण आणि डेअरीसमोरची फायबरची म्हैस, जिचे डोळे रंगाऱ्यानं नटीसारखे काढले होते.

फोटो छापून आणला की त्याच्या मागं पेनानं शेरा. रीडिंगच्या वहीची सवय. पेंग्विनच्या मागं लिहिलं होतं, 'उन्हात उभा. तक्रार नाही.' हरणाच्या मागं, 'एक कान बंद.' म्हशीच्या मागं, 'नजर चांगली. दूध नाही.'

"आजवर एक शेरा खोटा लिहिला नाय, शेठ," असं छाती पुढं काढून सांगायचे.

आता माझी तक्रार ऐका. पाचोडच्या बाजारात पोतं अंथरून बादल्या विकणारा मी. त्यातून हे भांड्यांचं दुकान उभं केलं, कुणाच्या बापाची मदत न घेता. दारात सिमेंटचा हत्ती बसवला, सोंड वर केलेला. रिक्षावाले पत्ता सांगताना 'हत्तीवालं दुकान' म्हणतात. आणि हा माणूस शहरभर चोची पुसत हिंडतो, पण माझ्या दारावरून सायकल नेताना हत्तीकडं ढुंकून बघत नाही!

एकदा सायकल अडवलीच. "काका, माझ्या हत्तीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

ते उतरले. हत्तीच्या तोंडाकडं गेलेच नाहीत. हत्ती आणि भिंत यांच्या फटीत डोकं घालून बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "शेठ, शेपूट कुठाय?"

खरं सांगतो. कारागिराशी मी तीन दिवस घासाघीस केली होती. शेवटी तो म्हणाला, ह्या भावात शेपूट बसत नाय. मी म्हटलं, राहू दे, मागं भिंतच आहे.

"मागं कोण बघतंय?" मी काकांना म्हणालो.

"तेच तर. शेपूट लावा, शेपटीपासून फोटू काढतो."

"आधी तोंडाचा काढा. शेपटीचं मागून बघू."

"नाय."

"बरं, सोंडेचा एक काढा, अर्धं शेपूट लावतो."

"शेपूट पावकिलोनं मिळतंय व्हय?"

हा सौदा चार वर्षं चालला. भल्याभल्या ठोक व्यापाऱ्यांना मी भावात रडवलंय, पण हा म्हातारा बोटभर हलेना. रोज सकाळी सायकलवरून ओरडायचा, "लागलं का?" मी आतून ओरडायचो, "निघा!"

मग निवडणूक आली. आचारसंहिता लागली. हत्ती एका पक्षाचं चिन्ह, म्हणून निवडणुकीच्या कामावरची चार माणसं ताडपत्री घेऊन आली. मी भडकलो. "अहो, माझा हत्ती बादल्या विकतो, मतं नाही मागत!"

"सेठ, हमको क्या बोलते? ऊपर से बोले, ढाँको. हम ढाँक रहे."

आरडाओरड ऐकून गर्दी जमली. काकाही सायकल टेकवून उभे राहिले. दोरी बांधायला एक जण मागच्या फटीत शिरला आणि आतूनच ओरडला, "अरे, इसको तो दुमच नहीं है!"

गर्दी फिदीफिदी हसली. समोरचा भांडीवाला, जो माझ्यावर जळतो, मोठ्यांदा म्हणाला, "सेलमधला हत्ती दिसतोय!" मी दारातल्या बादल्या उगाच सरळ करायला लागलो.

तेवढ्यात काका पुढं झाले. "शेपूट हाय की. लाजून आत घेतलंय त्यानं. भर रस्त्यात अंगावर कापड टाकताय, मग काय करील?"

लोक पुन्हा हसले, पण आता माझ्यावर नाही. काकांनी ताडपत्रीचा कोपरा उचलला, सोंड पुसली, कोपरा परत सोडला. "आता ह्याच्याकडं कुणी बघतंय का? सगळे ताडपत्रीला बघतायत." आणि फोटो काढला.

मी उखडलो. "चार वर्षं मागं लागलो तेव्हा नाही, आणि आता गाठोड्याचा फोटो?"

"उघड्याचा पण काढीन," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "पण माझं बोलणं तेवढं खोटं पडू देऊ नका."

त्या दिवसापासून त्यांनी 'लागलं का' विचारणं बंद केलं. चार दिवसांनी कारागीर आला. मी भाव केला नाही, तर घाबरला. "शेठ, तब्येत बरी हाय ना?" ताडपत्रीखाली कुशीवर पडून त्यानं शेपूट केलं, टोकाला झुपक्यासकट. काकांना मी सांगितलं नाही. तोंडावर दाखवायचं होतं.

निवडणूक झाली, ताडपत्री निघाली. दोन दिवस दारात उभं राहून सायकलची वाट बघितली. तिसऱ्या दिवशी चिडून गल्लीत गेलो, तर त्यांच्या दारात चपलांचा ढीग. काका झोपेतच गेले होते.

दहाव्यानंतर काकूंनी मला फोटो दिला. ताडपत्रीचं गाठोडं आणि खाली चार पाय. "तुमचा हत्ती झाकला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी छापून आणला होता," त्या म्हणाल्या.

उलटून बघितला. 'हत्ती, झाकलेला. शेपूट आहे.'

दुसऱ्या दिवशी शेपूट नव्हतं. तरीही त्यांनी लिहिलं होतं, शाईनं.

उघड्या हत्तीचा फोटो राहिला तो राहिलाच. ही तक्रार मी सोडलेली नाही, वर भेटले की भांडणार आहे. तोवर रोज सकाळी शटर उघडलं की पोट आत घेऊन त्या फटीत शिरतो आणि रुमालाचा कोपरा ओला करून शेपटीचा झुपका पुसतो. तिथं कुणी बघत नाही.