पंखा सर

त्यांना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. नऊ वर्षं आम्ही एकाच प्रयोगशाळेत होतो, ते विज्ञानाचे शिक्षक आणि मी तिथला परिचर. पण घरी आईशिवाय त्यांना कोणी होतं का, हे मी कधी विचारलं नाही. चहा बिनसाखरेचा घेत आणि खडूचा शेवटचा तुकडासुद्धा टाकत नसत, एवढंच सांगू शकतो.

नऊही वर्षं ते हंगामीच राहिले. शिक्षकांच्या खोलीत त्यांना खुर्ची नव्हती, खिडकीच्या कट्ट्यावर बसत. नवव्या वर्षी मुख्याध्यापक म्हणाले, विज्ञान प्रदर्शनात आपलं मॉडेल पहिलं आलं तर तुम्हाला कायम करायचा कागद पुढे पाठवतो. सरांनी मुलांना घेऊन पवनचक्की करायला घेतली.

मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर, पाण्याच्या पाइपातून कापलेली तीन पाती, मधोमध बाटलीचं झाकण. वाऱ्याने पाती फिरली की मोटर वीज तयार करायची, ती एका सेलमध्ये साठायची आणि सेलवर इवलासा दिवा लागायचा. मोटर आणि सेल यांच्यामध्ये डायोड होता, काळ्या मण्याएवढा. वीज आत सोडतो, परत येऊ देत नाही. सर मुलांना म्हणाले, "आपल्या ऑफिससारखा. अर्ज आत घेतो, उत्तर बाहेर सोडत नाही." मुलं पोट धरून हसली.

दिवा मात्र मिणमिणता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सर तासाला गेले असताना मी बघितलं, तो मणी थोडी वीज स्वतःच खात होता. मी तो काढला आणि डाग देऊन वायर सरळ जोडून टाकली. वाटलं, उद्या दिवा झगझगीत लागला की सर खूश होतील, मग सांगू. गच्चीवर दुपारभर वारा होता, पाती फिरत होती, सेल भरला. संध्याकाळी मी सेल काढून ठेवला.

सभागृहात खिडक्या बंद होत्या, तक्ते उडू नयेत म्हणून. समोर तीन परीक्षक आणि मुख्याध्यापक. सरांनी सेल लावला. मी टेबलफॅनचा प्लग हातात घेऊन उभा होतो, अजून लावलेला नव्हता. आणि पाती आपोआप गरगर फिरू लागली. सेलमधली वीज उलटी मोटरमध्ये शिरली होती.

एक परीक्षक म्हणाले, "सर, पवनचक्की वारा घेते. तुमची देते आहे."

हशा पिकला. सरांनी मॉडेलखालचा लाकडी पाट उलटा केला, वायरीच्या जोडावरचा ताजा डाग बघितला. "डायोड कोणी काढला?" त्यांनी हळूच विचारलं.

"मुलांवर ढकलू नका," मुख्याध्यापक म्हणाले. "नऊ वर्षं शिकवताय, पंखा आणि पवनचक्की यांतला फरक कळत नाही? बरं झालं, आत्ताच कळलं."

मी वाकून प्लग लावत बसलो. गरज नव्हती तरी.

पुढच्या वर्षी त्यांना नेमणुकीचं पत्र आलं नाही. मुलं तोवर त्यांना पंखा सर म्हणू लागली होती, शिक्षकही. मी एकदा चुकून तोंडावरच म्हणालो. त्यांनी ओ दिली.

नंतर त्यांनी बाजाराच्या मागच्या गल्लीत जळालेल्या मोटरी आणि पंख्यांचं वाइंडिंग भरून देण्याचं दुकान टाकलं. दुसरं काही त्यांना मिळालं नाही. येता-जाता पोरं ओरडायची, "सर, हवा सोडा की!" मी निवृत्त झाल्यावर तिथे गेलो तेव्हा ते फार खंगले होते. त्यानंतर दोन महिन्यांनी वारले. त्या दिवशी दुकानात जायला निमित्त हवं म्हणून मी घरच्या टेबलफॅनची एक वायर ओढून काढली होती.

त्यांनी झाकण उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"याला काही झालेलं नाही. वायर काढलीय कोणीतरी."

"मीच काढली," मी म्हणालो. पुढचं वाक्य घरून पाठ करून आलो होतो. ते काही आठवेना.

त्यांनी वायर जोडली, झाकण बसवलं आणि पंखा माझ्याकडे सरकवला.

"आता यातलं काही काढू नका."

"नाही काढत, सर."