किसनराव मिस्त्री आन् दसऱ्याचा फडका

किसनराव मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तवा ते सायकलवर होते, एक पाय जमिनीला टेकवून. दसऱ्याची सकाळ होती. हस्तीमलजी शेठच्या, कापसातून सरकी काढायच्या जिनाच्या फाटकासमोर मी शेठजींच्या मोटारीच्या टायरांना सरकीचं तेल चोळून राह्यलो होतो. पूजेच्या दिवशी टायर काळेभोर चमकले पाहिजेत, अशी आमची समजूत. हा कोण माणूस, टक लावून काय पाहतो, म्हणून मी मान वर केली. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, मंग मिटलं, पायडल मारलं आन् निघून गेले. ही आमची पहिली भेट. एक शब्द न्हाई. पुढचं सगळं त्या न बोललेल्या शब्दावर हाय, म्हणून तिथूनच सुरू केलं.

किसनरावांना यंदा साठ पुरे झाले. त्यांच्या हाताखाली शिकून आज लाऱ्या आन् बसगाड्या चालवणाऱ्या मंडळींनी हे पुस्तक काढायचं ठरवलं, आन् मला म्हणले, बापूराव, तुम्ही सगळ्यात जुने, तुम्ही लिहा. मी वयानं किसनरावांपेक्षा तीन वर्षं थोरला, पण कामात त्यांचा चेला. शाळा उर्दूत चौथीपर्यंत, मराठी अक्षर मागून गिरवलं. हार, शाल, लंबी भाषणं मला सोसत न्हाईत. घडलं ते सांगतो आन् उठतो.

निजामी जाऊन दोनेक वर्षं झालती. जालन्यात दोन मोठ्या जिनांकडं अमेरिकन मोटारी होत्या. दसऱ्याची पूजा झाली की सीमोल्लंघनाला दोन्ही मोटारी बदनापूरच्या रस्त्यावर न्यायच्या. शिवेच्या दगडाच्या अलीकडं दोन फर्लांगावर दोघी शेजारी उभ्या करायच्या, आन् ताशावर काडी पडली की सोडायच्या. ज्याची मोटार आधी शीव ओलांडंल, त्याच्या जिनात हंगामाची पहिली कापसाची गाडी उतरणार, असा रिवाज पडून गेल्ता. दोन फर्लांग म्हणजे पाव मैल. मोटार वेगात येईस्तोवर शीव येते. म्हणून सगळा खेळ सुटतानाच हारायचा न्हाई तर जिंकायचा.

मी मूळचा आष्टीकडचा, जिनात बैलगाडी हाकायचो. शेठजींचा जुना डायवर हैदराबादला निघून गेल्ता, तवा त्यांनी मला मोटारीवर बसवलं. मुनीमजींना ते पटलं न्हाई. गाडीवानाला मोटार देता काय, औरंगाबादहून चांगला डायवर आणू, असं त्यांचं रोजचं चालू होतं. म्हणजे त्या दसऱ्याला मोटार एकटी पळणार नव्हती, माझी जागाबी तिच्यासंगं पळणार होती.

ताशा वाजला. मी एक्सलेटर पुरा दाबला आन् क्लचवरचा पाय झटक्यानं उचलला. इंजिन असं गरजलं की लोक मागं सरले. मोटार मात्र जागची हालली न्हाई. मागचं डावं चाक गरागरा फिरत होतं, मुरूम उडत होता, धुरळ्यात मला बानेट दिसंना. जळक्या तेलाचा वास आला. चाकाला पकड मिळाली तवर युसूफभाईंची मोटार अर्ध्या वाटेवर गेल्ती. युसूफभाई म्हणजे दुसऱ्या जिनाचे डायवर, वीस वर्षांचा जुना हात. परत येताना त्यांनी मोटार हळू केली आन् खिडकीतून म्हणले, "बापूराव, आगे बैलां जोत लो."

ते गावभर झालं. मी कुठं दिसलो की लोक बैलाला हाकतात तशी जीभ टाळूला लावून आवाज काढायचे. शेठजी चिडले न्हाईत, ते जास्त वाईट. पुढच्या दसऱ्यापर्यंत ठेवतो म्हणले, तवाबी हारलो तर चावी मुनीमजींकडं द्यायची आन् बैल धरायचे.

किसनराव तवा नुकतेच सिकंदराबादेच्या एका मोटार कारखान्यातून गावी परतले होते. गावातल्या मस्तगड भागात एक पत्र्याचं छप्पर घालून काम सुरू केल्तं. दिवाळीनंतर मी लाज सोडून त्यांच्याकडं गेलो. मोटारीला जोर कमी पडतो, जोर वाढवून द्या, असं मी म्हणलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पत्र्याखाली नेलं, मोटारीखाली घुसून दुपारपर्यंत क्लचची प्लेट काढली आन् माझ्या हातात दिली. काळी पडलेली, फुटाण्याच्या भट्टीसारखा वास.

"जोर लई हाय, बापूराव," ते म्हणले. "पकड न्हाई. जोर चाकात जाऊन तिथंच फिरून राह्यलाय. जमिनीत उतरला तर मोटार पळंल."

मंग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली, मास्तर पाढा सांगतो तशी. मागच्या दोन चाकांत एक भुसभुशीत जागेवर असलं की सगळा जोर तिकडंच पळतो, दुसरं बसून राहतं. माझं डावं चाक त्या दिवशी रस्त्याच्या कडेच्या सुट्या मुरमावर होतं. उभं राहताना दोन्ही चाकांखालची जमीन हातानं चाचपून पाहायची. मागच्या टायरातली थोडी हवा कमी करायची म्हणजे टायर जमिनीवर पसरतं. मागं डिक्कीत दोन पोती सरकी टाकायची, चाकावर वजन येतं. आन् टायरला तेल बिलकुल लावायचं न्हाई. पूजेला लावलंच तर राख चोळून फडक्यानं पुसून काढायचं.

मी म्हणलो, तुम्ही तेल पाहिलं होतं काय. ते पाना शोधायला लागले. मी ध्यान दिलं न्हाई.

किसनरावांची शिकवण कशी असते ते इथं सांगतो, कारण त्यांच्याकडं शिकलेल्या प्रत्येकानं ते सोसलंय. त्यांनी जिनाच्या आवारात मूठभर सरकी आणली आन् माझ्या मोटारीच्या मागच्या चाकांखाली पसरली. म्हणले, आता मोटार जल्दी सोडा, पण एक सरकी मागं उडाली न्हाई पाहिजे. पहिल्या दिवशी सरकी पार भिंतीपर्यंत गेली. जिनातल्या बाया कापूस निवडायचं सोडून हसायला लागल्या. रोज दहा वेळा. क्लच सोडताना पाय कुठं थरथरतो, इंजिनाचा आवाज कुठं जड होतो, तिथं पाय धरून ठेवायचा, मंग बाकीचा सोडायचा. मी लई कुरकुर केली. सरकी वेचायला ठेवलंय काय मला, असं एकदा म्हणलो. ते म्हणले, वेचा, त्याशिवाय कळायचं न्हाई. मीटरवरचे इंग्रजी आकडे मला वाचता येत न्हाईत हे त्यांच्या ध्यानात आल्तं. एक दिवस मीटरच्या काचेवर लाल रंगाची बारीक रेघ ओढलेली दिसली. काटा इथं आला की गेर बदला, एवढंच म्हणले. आठ महिन्यांनी सरकी जागची हालली न्हाई. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला. तेवढीच शाबासकी.

पण एक गोष्ट मला झोंबली. श्रावणात मी मस्तगडात गेलो तर युसूफभाई तिथं बसलेले. किसनराव त्यांनाबी तेच सांगून राह्यले होते. हवा, वजन, क्लच, तेल, सगळं. युसूफभाई गेल्यावर मी भांडलो. माझी जागा जायची वेळ, आन् तुम्ही समोरच्याला तोच मंतर देता, मंग मला काय उपयोग. त्यांनी हात पुसले.

"ज्यानं विचारलं त्याला सांगितलं," ते म्हणले. "दोघांचं बराबर करून टाकलं. आता उरला तुमचा पाय." मंग खालच्या आवाजात, "एकदा गप बसून पाहिलंय मी."

त्याचा अर्थ मी तवा विचारला न्हाई. रागात होतो.

दुसरा दसरा आला. दोन्ही मोटारींची पूजा झाली, दोन्हींचे टायर राखेनं पुसलेले, दोन्हींच्या डिक्कीत पोती. लोक म्हणले, यंदा मोटारी भस्म लावून आल्या काय. ताशावर काडी पडली आन् दोघी एकदम सुटल्या. धुरळा न्हाई, चीत्कार न्हाई. माझ्या पायाखाली क्लच जागेवर आला तो मला नीट कळला. काटा लाल रेघेवर आला, गेर टाकला. पहिल्या फर्लांगाला बानेटला बानेट होतं. दुसऱ्या फर्लांगात युसूफभाईंनी गेर माझ्या आधी टाकला. वीस वर्षांचा हात तो. शीव ओलांडली तवा ते अर्ध्या बानेटनं पुढं होते.

मी उतरलो. शेठजी शिवेच्या दगडापाशीच उभे होते. त्यांनी हात पुढं केला. मी चावी त्यांच्या हातावर ठेवली. मुनीमजी दुसरीकडं पाहत होते. घरी काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

तवा किसनराव गर्दीतून पुढं आले. शेठजींच्या लाऱ्यांचं सगळं काम तवा त्यांच्याकडं होतं, अर्धा धंदा त्यावर चालायचा. ते म्हणले, "शेठजी, मागच्या सालची हार यांच्या नावावर धरू नका. ती माझी हाय."

शेठजींनी विचारलं, ती कशी काय.

"मागच्या दसऱ्याला सकाळी मी फाटकावरून चाललो होतो. हे टायरला तेल चोळून राह्यले होते. मी पाहिलं. मोटार जागची हालणार न्हाई हे मला तिथंच कळलं होतं. पण युसूफभाईंची मोटार माझ्या हातची. ती जिंकली तर नव्या दुकानाचं नाव होईल, म्हणून गप बसलो आन् सायकल पुढं काढली."

शीवभर माणसं होती. युसूफभाई मोटारीतून उतरून उभे होते, त्यांचा चेहरा पडला. मला पहिल्यांदा राग आला, खरं सांगतो. वर्षभर लोकांनी जीभ टाळूला लावून मला हाकलं, आन् या माणसाला सगळं माहीत होतं. मंग ध्यानात आलं, ही गोष्ट यांच्याशिवाय जगात कोणालाच माहीत नव्हती, आन् त्यांनी न सांगता ती कधीच बाहेर निघाली नसती.

शेठजी म्हणले, "मिस्त्री, पाहिलं आन् बोलले न्हाईत?"

"न्हाई बोललो."

शेठजींनी चावी माझ्या हातात परत दिली. एक हार झाली, दोन न्हाई, असं म्हणले. आन् किसनरावांकडं न पाहता म्हणले की उद्यापासून आमची एकबी गाडी मस्तगडात येणार न्हाई.

ते बोलल्यासारखे वागले. जिनाच्या लाऱ्या दुसऱ्या मिस्त्रीकडं जायला लागल्या. मी मोटार चालवत होतो, किसनरावांचा पत्रा ओस पडला होता. मी एकदा त्यांना म्हणलो, माझ्यापायी हे झालं, शेठजींशी बोलतो. त्यांनी मला बजावलं, बोलायचं न्हाई. जे पाहिलं ते वेळेला सांगायला पाहिजे होतं, उशिरा सांगितलं तर खर्चा जास्त येतो. एवढं म्हणून ते एका सायकलचं पंक्चर काढायला बसले. साऱ्या तालुक्यात इंजिन उघडायला त्यांच्यासारखा दुसरा हात नव्हता.

तिसऱ्या दसऱ्याला पूजा झाल्यावर मी टायर पुसायला राख आणायला आत गेल्तो. बाहेर येऊन पाहतो तर किसनराव फाटकासमोर चाकाजवळ उकिडवे बसलेले. स्वतःची राख, स्वतःचा फडका. कोणी बोलावलं नव्हतं. एक चाक पुसलं, दुसरं, तिसरं. शेठजी ओट्यावर उभे राहून पाहत होते. किसनराव उठून फडका झटकायला लागले, तसे शेठजी म्हणले, "मिस्त्री, मागचं डावं राह्यलं."

किसनरावांनी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी जिनाच्या लाऱ्या मस्तगडात उभ्या होत्या. त्या दसऱ्याला शीव आम्ही आधी ओलांडली, पण त्याचं एवढं काही न्हाई.

पुढं रस्ता सुधारला, गाड्या वाढल्या, शर्यत बंद पडली. किसनरावांचा फडका बंद पडला न्हाई. दर दसऱ्याला पूजा आटोपली की ते राखेचा डबा घेऊन मस्तगडातून निघतात आन् नाक्यापर्यंत जी लारी, जी बस, जो ट्रॅक्टर दिसंल त्याच्या टायरचं तेल पुसत जातात. मालक ओळखीचा असो, नसो. कोणी हसतं, कोणी म्हणतं पूजा पुसता काय. ते पुढच्या चाकाकडं सरकतात. आता कळलं असंल कशापायी.

या पुस्तकात बाकीचे लिहतील की किसनराव कधी चुकले न्हाईत. मी ते लिहिणार न्हाई. ते एकदा चुकले, चारचौघांत बोलले, आन् तवापासून दर साल गुडघ्यावर बसून ती चूक पुसतात. मी माणूस त्यावरून ओळखला.

किसनराव, तुम्हांला लंबी उमर लाभो, हात थरथरू नयेत आन् विशेष करून गुडघे बराबर राहोत, कारण चाक उभ्यानं पुसता येत न्हाई. यंदाच्या दसऱ्याला मी जिनाच्या फाटकाशी राख घेऊन थांबतो. तीन चाकं मी पुसून ठेवतो. मागचं डावं तुमचं.