बदल्यांचा मोसम आणि कांबळे सर

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेची सोळा मुलं घेऊन जिल्हा निवड चाचणीच्या रेषेवर उभी होते. सकाळचे पावणेसात वाजले असतील. पलीकडून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, "मी चहा ठेवायला आत गेले गं... तेवढ्यात." मी फोन खिशात घातला आणि शिट्टी फुंकली. त्या मुलांपैकी निम्मी सरांनीच सायकलवर बसवलेली. शेवटची मुलगी रेषा ओलांडून आली, पाणी प्याली, मग सगळ्यांना सावलीत बसवून सांगितलं. मुली रडल्या. एक मुलगा मात्र माझ्यावर उखडला. "मॅडम, आदी का न्हाई सांगितलं?" बरोबर होतं त्याचं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले आणि त्याला द्यायचं उत्तर माझ्यापाशी अजून धड तयार नाही. निदान लिहून तरी बघते.

कांबळे सर एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. प्रशिक्षक असल्याचा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. दुपारची ड्यूटी मागून घ्यायची आणि सकाळ पोरांना द्यायची, असं त्यांनी तीस वर्षं केलं. मी त्यांना सापडले ते शिरोळला, आमच्या गावच्या जत्रेतल्या सायकल शर्यतीत. माझा दुसरा नंबर आला होता. बाकीच्या मुली धापा टाकत रस्त्याकडेला बसल्या आणि मी तशीच पुढे निघाले, कारण डेअरी बंद व्हायच्या आत दूध घालायचं होतं. सर मोटारसायकलवरून माझ्या मागोमाग घरी आले आणि अंगणात उभे राहून वडिलांना म्हणाले, "पावणं, शर्यत संपली तरी पोरगी थांबली न्हाई. ही मला द्या." वडील म्हणाले, "द्या म्हंजे? म्हस हाय व्हय ती?" पण दिली. सर खेळाडूंना गावाच्या नावानं हाक मारायचे, त्यामुळे त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'शिरोळ' झाले. माझं खरं नाव त्यांना आठवत होतं की नाही, देव जाणे.

सरांचा एक नियम होता आणि तो सगळ्या कोल्हापुरात माहीत होता. शर्यतीच्या आधीचे दोन दिवस खेळाडूच्या कानावर कसलीही बातमी घालायची नाही. वाईट तर नाहीच, चांगलीही नाही. निकाल लागू दे, घरात पाळणा हलू दे, सोयरीक जुळू दे, सगळं शर्यत झाल्यावर. "डोक्यात एक गोष्ट घातली की पायात दोन किलो वाढत्यात," ते म्हणायचे. आईबापांना दम देऊन ठेवलेला असायचा. आम्ही हसायचो, पण तो नियम आम्हाला आवडायचा. दोन दिवस जगानं आपल्याला त्रास द्यायचा नाही, असं दुसऱ्या कुणी आमच्यासाठी कधी ठरवलं नव्हतं.

ऑगस्ट लागला की परदेशातले व्यावसायिक सायकल संघ आपापले खेळाडू सोडतात, नवे घेतात. सर एस.टी.तले, म्हणून ते त्याला 'बदल्यांचा मोसम' म्हणत. पुतण्याला शेजारी बसवून मोबाइलवर एकेक बातमी वाचून घ्यायची, आणि मग सायकल पुसता पुसता निकाल द्यायचा. "ह्यो चुकला. मोठ्या संघात गेला, आता चार वर्षं दुसऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या वाहणार." किंवा, "ही पोरगी हुशार. बारक्या संघात गेली, पण तिथं घाटात तिचं ऐकत्यात." ज्यांना कधी पाहिलं नाही अशा कुठल्या कुठल्या देशांतल्या विशीच्या पोरांची त्यांना आपल्या गल्लीतल्या पोरांसारखी काळजी वाटायची. नवा खेळाडू जोखायची त्यांची पद्धतही अजब होती. पन्हाळ्याचा चढ पोर कसं चढतं हे ते बघायचेच नाहीत. ते वर उभे राहायचे आणि चढ संपल्यावरच्या शंभर मीटरात ते काय करतं, तेवढं बघायचे. बहुतेक जण तिथं सैल सोडतात. जो सोडत नाही त्याचं नाव सर मनात धरून ठेवायचे.

मी वीस वर्षांची असताना माझी 'बदली' आली. आशियाई सराव शिबिरात मला पाहिलेल्या एका बेल्जियमच्या महिला संघानं सरांना मेल पाठवला. एकच जागा आहे, रविवार संध्याकाळपर्यंत कळवा. मेल आला शुक्रवारी आणि रविवारी राज्य स्पर्धा. सरांनी नियम पाळला आणि मला काही सांगितलं नाही. शिवाय त्यांचा हिशेब सरळ होता, शनिवार-रविवार कोण कचेरी उघडी ठेवतंय? सोमवारी सकाळी पेढ्यांचा बॉक्स घेऊन ते माझ्या होस्टेलच्या दारात आले. दुपारी उत्तर आलं, जागा दुसऱ्या मुलीला दिली.

त्याच आठवड्यात सर शिरोळला येऊन माझ्या वडिलांसमोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "चूक माझी हाय. पोरीचं नशीब माझ्या हातनं गेलं," म्हणाले. वडील गावाला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलले. "मास्तर, तुमच्या नियमानं माझी पोरगी खाल्ली!" सर मान खाली घालून सगळं ऐकत राहिले. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मी एक शब्द बोलले नाही.

आता सांगायचं ते इथं आहे. त्या शुक्रवारी संध्याकाळी संघाच्या व्यवस्थापक बाईंनी मलाही निरोप पाठवला होता. तुझ्या प्रशिक्षकांना कळवलं आहे, रविवारपर्यंत उत्तर हवं. मी तो चार वेळा वाचला आणि पुसून टाकला. मी घाबरले होते. भाषेला, थंडीला, तिथं शेवटून पहिली येण्याला. सर काही बोलत नाहीत हे पाहून मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू... निर्णय माझ्यावर आलाच नाही. पुढची बारा वर्षं मी 'बेल्जियमला गेली असती ती' म्हणून मिरवले. शाळेतली नोकरीसुद्धा थोडीफार त्याच पुण्याईवर मिळाली. सर मात्र त्या सोमवारपासून बदलले. नियम मोडला. कुणाचीही बातमी आली की शर्यतीच्या रेषेवरसुद्धा सांगायचे, आणि कुणालाही कुठूनही बोलावणं आलं की लगेच पाठवायचे.

त्यात आजऱ्याचा संदीप गेला. सतरा वर्षांचा, चढ संपल्यावरही न थांबणारा. उत्तरेतल्या एका मोठ्या संघानं मागितला. अजून दोन वर्षं थांबायला हवं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं आणि सरांना तर सर्वांत आधी दिसलं असणार. पण ते म्हणाले, "एकीला धरून ठिवलं, आता कुणाला धरणार न्हाई." तिथं मोठ्यांच्या बरोबरीनं त्याला पळवला. एका मोसमात गुडघा गेला. परत आला तो पुन्हा सायकलवर बसलाच नाही.

या ऑगस्टमध्ये सरांचं हृदय थकलं होतं. जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी भेटायला गेले तर पुतण्या बदल्या वाचून दाखवत होता. तो उठून गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. का त्याच दिवशी, ते ठाऊक नाही. कदाचित आता फार दिवस नाहीत, हे दिसत होतं म्हणून. सरांनी एकच विचारलं, "सांगितलं असतं तर गेली असतीस काय?"

"न्हाई सर."

ते रागावतील, निदान शिवी हासडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मग आजऱ्याच्या पोराला मी कशापायी पाठीवला?"

काकू चहा घेऊन आल्या आणि विषय तिथंच राहिला. त्यानंतर नवव्या दिवशी सर गेले.

सरांच्या दिवसकार्यानंतर मी आजऱ्याला गेले. संदीप आता तिथं काजूच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. माल निवडणाऱ्या बायकांच्या रांगेतून तो लंगडत पुढे आला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "ताई, सर जायच्या चार दिवस आदी इथं येऊन गेले. एकटंच, एस.टी.नं."

तो सांगत होता. "घाम फुटला हुता त्यांना. म्हटलं पाणी घ्या, तर म्हणाले, आदी ऐक. तुला धाडायला नको हुतं, मला कळत हुतं, तरी धाडलं. माझी चूक हाय. एवढं बोलले आणि परतीच्या गाडीनं गेले."

"आणखी काही म्हणाले? माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल?" त्याला खरंच कळलं नाही. "तुमचा काय संबंध, ताई?"

म्हणजे सरांनी दुसऱ्यांदा सगळं स्वतःवर घेतलं होतं. तेही खरं काय ते कळल्यावर. त्या घाम फुटलेल्या अंगानं, घाटातल्या रस्त्यानं, परतीच्या गाडीनं... तो प्रवास त्यांना महागात पडला असेल, हे मी कुणाच्याही आधी स्वतःला ऐकवलं आहे.

संदीपनं टेबलापलीकडची लाल प्लास्टिकची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा की. सर बी हितंच बसलेलं."

मी त्या खुर्चीत बसले आणि त्याला सगळं सांगितलं. पुसून टाकलेल्या निरोपापासून चहाच्या ट्रेपर्यंत. माझं संपल्यावर तो उठला, दारापर्यंत गेला आणि पाठ करूनच म्हणाला, "ताई, आता जावा तुम्ही."

मी गेले.